साहेबांचा सोमवार

लातूरला भाड्याची खोली बघायला मी मल्लिकार्जुनअप्पांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. ओसरीवर बसून ते तुरीचा एक दाणा दाताखाली धरून होते. तो फोडला, अर्धुक हुंगलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "सकाळी काय खाल्लाव?"

मी नांदेडहून एसटीनं आलो होतो. म्हणालो, "चहा."

"खाल्लाव काय, मनलं मी."

"काही नाही."

"भूक न्हवती का वेळ न्हवता?"

मी जरा विचार करून वेळ नव्हता असं सांगितलं. त्यांचं समाधान झालं. "मग हरकत न्हाई. भूक न्हवती मनला असतात तर खोली दिली नसती. आजारी भाडेकरूचं लई बेजार असतंय." मग आत तोंड करून म्हणाले, "गंगा, एक भाकर जास्तीची टाक. नांदेडचं माणूस उपाशी आलंय."

भाडं किती, हे मला महिन्याच्या शेवटी गंगाक्कांकडून कळलं. अप्पांच्या दृष्टीनं आमचा करार भाकरीवरच झालेला होता.

अप्पा गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत करत. उंच, पोट सुटलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि धोतर कायम गुडघ्याच्या जरा खाली. त्यांच्या मते जगातले सगळे रोग तोंडातून आत जातात आणि तोंडापाशीच ओळखू येतात. "त्वांड चालतंय तवर जित्राब चालतंय," हे त्यांचं ब्रीद. माणूस हेही त्यांच्या लेखी जित्राबच होतं. फक्त त्याला शिंगं नसल्यामुळे किंमत करायला अवघड.

बैलबाजारात लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत. एकदा रेणापूरच्या एका पाहुण्यासाठी बैल बघायला गेले, तेव्हा मीही सुट्टी म्हणून बरोबर होतो. बाकीची मंडळी शिंगं, खुरं, वशिंड बघत होती. अप्पांनी बैलापुढे कडब्याची एक पेंढी टाकली आणि समोर उकिडवे बसले. बैल पुढे आला, हुंगलं, तोंडात घेतलं, सोडलं, मागे सरला. पुन्हा आला. अप्पा उठले, धोतर झटकलं.

"नगं हा."

"का? चांगला उमदा दिसतोय की."

"ह्याला भूक हाय, पर खाता येईना गेलंय. भूकच नसली तर पोटात दुखणं. भूक आसून खाईना तर तोंडात. हा दाताचा बैल हाय."

विकणारा गप्प बसला. बैलबाजारात गप्प बसणं ही कबुलीच असते.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. माझ्या शेजारच्या खोलीत एक ग्रामसेवक राहायचा. एका संध्याकाळी तो गंगाक्कांना म्हणाला, आज वरण नको. तो गेल्यावर अप्पा म्हणाले, "पोरगी बघून आलाय, आन त्यांनी नाही मनलंय."

"वरणावरून?" मी विचारलं.

"होकार असता तर भाताबरूबर दुसऱ्यांदा मागितलं असतं. आन ह्यानंच नकार दिला असता तर नेहमीएवढाच जेवला असता."

आठ-पंधरा दिवसांनी तसंच निघालं.

पण दुसऱ्यांच्या भुका इतक्या बारकाईनं वाचणाऱ्या या माणसाला स्वतःची एक भूक काही आवरत नसे. ती सत्काराची. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झालेला. कचेऱ्यांना इमारती नव्हत्या, पण उद्घाटनांना तोटा नव्हता. भाड्याच्या माडीवर एखादं टेबल चढलं तरी खाली फीत बांधली जाई. अप्पा प्रत्येक ठिकाणी भगवा फेटा बांधून हजर. व्यासपीठावर अगदी कडेच्या खुर्चीवर, जिचा एक पाय बहुधा सतरंजीच्या बाहेर असे, ते बसत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्यांची नावं येत आणि शेवटी 'आदी मान्यवर उपस्थित होते' असं येई. अप्पा ते कात्रण खिशात ठेवत आणि भेटेल त्याला दाखवून 'आदी'वर बोट ठेवत. "हे मी."

"ह्यांचं नाव आदिनाथ ठिवायला पायजे हुतं," गंगाक्का चुलीपाशी म्हणत. "फुकट मल्लिकार्जुन ठिवलं सासऱ्यानं."

ससा आला तोही या नव्या जिल्ह्याच्याच कृपेनं. पुण्याकडचे एक साहेब इथं बदलून आले होते. येताना पोरांसाठी पिंजऱ्यात सशाची जोडी घेऊन आले. एक उन्हाळ्यात गेला. पुढं साहेबांना पुन्हा बदली मिळाली आणि त्या आनंदात त्यांना दुसरा न्यायचं सुचलं नाही. निरोप द्यायला गेलेल्या अप्पांच्या हातात पिंजरा आला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. साहेबांच्या बंगल्यातून आला म्हणून गल्लीनं त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. अप्पा त्याला अहोजाहो करत. "साहेब, उठा. हरळी आलीया." साहेब उठत, मिशा हलवत आणि खायला लागत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचा जबडा चालूच. अप्पांना त्या जबड्याचं फार कौतुक. असा नेमानं खाणारा जीव त्यांनी व्यापाऱ्यांतही पाहिला नव्हता.

मग दुष्काळ आला. म्हणजे तो होताच, आम्हीच उशिरा मान्य केला. बांधावरची हरळी वाळली, मग ती वाळलेलीही दिसेनाशी झाली. लोकांनी जनावरं छावणीला नेऊन बांधली. गल्लीत टँकर आला की गंगाक्का घागरी घेऊन धावत. कडबा ज्वारीच्या भावाला गेला. अशा दिवसांत सशाला कडबा टाकणं अप्पांना पाप वाटे. "बैलाच्या तोंडातला घास सशाला कसा देऊ?" म्हणून साहेबांना मऊ काहीबाही मिळू लागलं. दुधात कुस्करलेली भाकर, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, बिस्किट, केळं.

रविवारी अप्पांच्या ओसरीवर गल्लीतली मंडळी बसायची. पाऊस का पडत नाही, याचा सगळा दोष सरकार आणि सुना यांच्यात वाटून झाला की चहा यायचा. जो येई तो पिंजऱ्यात काही ना काही सारी. बुंदी, शेव, अर्धं केळं, कुणाच्या घरचा लाडू. साहेब रविवारी जोरात असत.

आणि सोमवारी तोंड फिरवून बसत.

हे प्रथम गंगाक्कांच्या लक्षात आलं. "आज साहेब खाईना गेलेत," त्या म्हणाल्या.

"आज वार कोनचा?" अप्पांनी विचारलं.

"सोमवार."

अप्पांनी पिंजऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. आमच्याकडच्या लिंगायत घरांतून सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो नंदीचा वार. अप्पांचा स्वतःचाही सोमवार असे. पुढच्या सोमवारी साहेबांनी पुन्हा काही खाल्लं नाही. समोरचा किराणा दुकानदार चन्नबसप्पा बघायला आला. त्यानं भिजवलेली डाळ पुढे केली. साहेबांनी ती हुंगली आणि मागे सरले. चन्नबसप्पानं हात जोडले.

"अप्पा, हे पूर्वजन्मीचं कोनतरी मोठं हाय."

"मला वाटलंच," अप्पा म्हणाले. त्यांना ते नेमकं कधी वाटलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

श्रावण लागेपर्यंत गल्लीतल्या बायका बेलाची पानं घेऊन येऊ लागल्या. उद्या उपास आहे म्हणून रविवारी साहेबांना पोटभर गोडधोड. मंगळवारी उपास सुटायचा तो पेढ्यावर. गल्लीबाहेरचे लोक येऊ लागले, उदगीरहून एक कुटुंब गाडी करून आलं. अप्पा ओसरीवर बसून सगळ्यांना एकच हकीकत रोज थोडी थोडी वाढवून सांगत. एका स्थानिक पेपरात छोटी बातमी आली. तीत 'श्री. मल्लिकार्जुनअप्पा यांच्या निवासस्थानी' असं पूर्ण नाव होतं. 'आदी' कुठंच नव्हतं. अप्पांनी ते कात्रण कुणाला दाखवलं नाही. नुसतं खिशावर हात ठेवून हिंडत.

मी एकदाच म्हणालो, "अप्पा, आमच्या कचेरीतही सोमवारी बऱ्याच लोकांची तब्येत ठीक नसते. आदल्या दिवशी रविवार असतो ना."

"तुमच्या कचेरीत शिवभक्त कोन हाय?" अप्पांनी विचारलं.

कोणीच नव्हतं. माझा मुद्दा तिथंच संपला.

पुढं एका मंगळवारी साहेबांनी उपास सोडला नाही. पेढा तसाच पडून राहिला. बुधवारीही त्यांनी कशाला तोंड लावलं नाही. पाठ वर करून कोपऱ्यात बसले होते आणि अधूनमधून दात खात होते. गल्ली आता इतकी तयार झाली होती, की कुणाला काळजी वाटली नाही. चन्नबसप्पानं दुकानाच्या फळीवरूनच निकाल दिला. "पावसासाठी धरलंय. पाऊस पडल्याबिगर खाणार न्हाई."

ही बातमी दुपारपर्यंत गंजात आणि तिथून एका पुढाऱ्यापर्यंत पोचली. दुष्काळात पुढाऱ्यांना जाण्यासारखी ठिकाणं फार थोडी असतात. जिथं जावं तिथं लोक पाणी मागतात. सशापुढं मात्र तो धोका नव्हता. गुरुवारी संध्याकाळी गल्लीत मंडप पडला, कर्णा लागला. साहेबांना हार आणि अप्पांना शाल-श्रीफळ. मधली खुर्ची अप्पांची होती, आणि तिचे चारी पाय सतरंजीवर.

माझी तेव्हा नांदेडला बदली झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. म्हणून त्या संध्याकाळी मी घरातच ट्रंक आवरत होतो. अप्पा आरशापुढं फेटा बांधत होते आणि गंगाक्का पिंजरा झाडत होत्या.

"लेंड्या बघितल्याव का ह्याच्या?" गंगाक्कांनी विचारलं. "मोठ्या वाटाण्यावानी असायच्या. परवा मोहरीवानी झाल्या. आज त्याबी न्हाईत."

"उपासाला कशाच्या लेंड्या?"

"तुमचाबी सोमवार असतोय. मला नका सांगू."

अप्पांनी फेट्याचा एक पीळ काढून पुन्हा घातला. बाहेर कर्णा बोलू लागला, थोड्याच वेळात प्रमुख पाहुण्यांचं आगमन होत आहे.

"बैल असता तर काय केलं असतंव?" गंगाक्का म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. केरसुणी कोपऱ्यात ठेवून त्या आत गेल्या.

अप्पांनी फेट्याचं टोक कसंबसं खोचलं. मग पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले. तसे ते त्या पिंजऱ्यापुढं कितीतरी दिवसांत बसले नव्हते. बसायचे ते आलेल्या माणसांकडं तोंड करून. टोपलीतली कोथिंबिरीची एक जून काडी त्यांनी आत सरकवली. साहेब आले. अगदी हळू, पण आले. हुंगलं. काडी तोंडात घेतली, जबडा एकदा तिरका फिरला, आणि काडी खाली पडली. हनुवटीखालचे केस लाळेनं ओले होते. साहेबांनी काडी परत उचलली, परत टाकली आणि मागे सरले.

अप्पांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. बैलबाजारात विकणाऱ्याचा व्हायचा तसा तो झाला होता.

"ह्याला भूक हाय," ते म्हणाले.

त्यांनी साहेबांना उचलून भाकरीच्या टोपलीत ठेवलं, वरून उपरणं टाकलं आणि बाहेर आले. लोक उठून उभे राहिले. कुणीतरी हार पुढं केला. अप्पांनी आयुष्यभर ज्याच्यासाठी कडेच्या खुर्च्या उबवल्या तो माइक समोर होता, आणि पाहुणे यायचे असल्यामुळे रिकामा होता. अप्पा त्याच्यापाशी गेले.

"उपास न्हाई हा," ते म्हणाले. कर्ण्यातून त्यांचा आवाज स्वतःलाच मोठा वाटला असावा. "साहेब आजारी हायत. मला पयल्या सोमवारीच कळायला पायजे हुतं. बैलाचं कळतंय मला. पर ह्याच्यामुळं... बरं वाटायलं हुतं जरा. आता दवाखान्यात निघालोय. बसा तुमी."

चन्नबसप्पानं त्यांना मंडपाच्या कडेला गाठलं. "अप्पा, काय करायलाव? पाहुणे वाटंत हायत. लोकांनी नवस बोललेत."

"पाहुणे उद्याबी येतील. ह्यो उद्या असंल का?"

"गल्लीची इज्जत जाईल."

"जाऊ दे की. ती काय खात न्हाई, पीत न्हाई."

मी टांगा आणला. जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर सय्यद नुकतेच छावणीवरून आले होते. भुवयांवर धूळ होती. त्यांनी साहेबांचं पोट चाचपलं, कान लावला, मग ओठ वर करून बॅटरीनं आत पाहिलं.

"दात बघा," ते म्हणाले. "सशाचे दात नखासारखे आयुष्यभर वाढतात. गवत चावून चावून झिजतात, म्हणून बरं. तुम्ही काय घालत होता?"

अप्पांनी यादी सांगितली. बुंदीपाशी त्यांचा आवाज बारीक झाला आणि पेढ्यापाशी जवळजवळ गेला.

"गवत?"

"दुष्काळ हाय डॉक्टर."

"मग बुंदीचा कुठं सुकाळ होता?"

अप्पांनी मग सोमवारचंही सांगून टाकलं.

"दर सोमवारी खात नव्हता, तर तेव्हाच आणायचा. रविवारचं गोड पोटात आंबत होतं. अप्पा, बैल एखादा दिवस उपाशी राहिला तर आपण वाट बघतो. ह्याची वाट बघायची नसते. खाणं थांबलं, लेंडी थांबली, की आतडंही थांबतं, आणि मग ते चालू करणं अवघड. आवडीचं हुंगून सोडायला लागला की त्याच दिवशी निघायचं. उपास ह्याच्या जातीतच नाही."

त्यांनी दात कापले, औषध दिलं, बिनसुईच्या पिचकारीनं थोडी पेज पाजली. टोपली परत देताना म्हणाले, "माझं झालं. आता त्यानं आपणहून गवत चावलं तर जगला. न चावलं तर माझ्याकडं दुसरं काही नाही."

गवत. टांग्यात बसल्यावर अप्पांनी तो शब्द दोनदा उच्चारला. त्या वर्षी लातुरात हिरवं असं एकाच जागी होतं. ती जागा एका खात्याच्या विश्रामगृहापुढची. कोणतं खातं ते सांगत नाही. तिथली हिरवळ रोज भिजत असे, एवढं पुरे. अप्पांनी टांगा फाटकापाशी थांबवला, टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि आत जाऊन त्या हिरवळीवर फेट्यासकट बसले. दोन्ही हातांनी हरळी उपटायला लागले.

पहारेकरी मेहबूबभाई धावत आले. "अप्पा, क्या कर रहे? लॉनवर पाय ठिवायचा हुकूम न्हाई."

"पाय कुठं ठिवलाय? बसलोय मी."

तेवढ्यात व्हरांड्यात एक अधिकारी आले. अंधार पडायच्या सुमाराला एक फेटेवाला म्हातारा सरकारी गवत उपटतोय, फाटकाशी टांगा उभा आहे, टांग्यात एक माणूस टोपली धरून बसलाय. त्या दिवसांत याचा एकच अर्थ होता. अधिकारी तसेच पायऱ्या उतरून आले आणि नमस्कार करून म्हणाले, "चाऱ्याच्या प्रश्नाची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. आपलं निवेदन द्या, मी स्वतः वर पाठवतो. आपल्या मागण्या काय आहेत?"

"एक टोपली," अप्पा म्हणाले.

"रोज?"

अप्पांनी हात थांबवला. व्यापारी माणूस, समोरून दर चढला की त्यांना कळत असे. "रोज," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं मेहबूबभाईंना सांगितलं. दुष्काळाच्या सगळ्या काळात त्या कचेरीनं इतक्या तातडीनं मान्य केलेली मागणी माझ्या तरी ऐकिवात नाही.

घरी आलो तेव्हा मंडप होता, माणसं नव्हती. पाहुणे येऊन, चन्नबसप्पाला शाल घालून गेले होते. साहेबांनी मात्र त्या संध्याकाळी गवताकडं पाहिलं नाही.

सकाळी मी ट्रंक घेऊन बाहेर आलो. निरोप घ्यायचा म्हणून ओसरीकडं वळलो तर गंगाक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

अप्पा ओसरीवर पालथे पडले होते. एवढं मोठं पोट फरशीला टेकवून, हनुवटी हातांवर ठेवून, पिंजऱ्यापासून वीतभर अंतरावर. अंगात रात्रीचीच बंडी, डोकं उघडं. हरळीची एक लांब काडी साहेबांच्या तोंडातून बाहेर आलेली होती आणि ती थांबत थांबत आत जात होती. करकर असा बारीक आवाज येत होता. रस्त्यावरून टँकर गेला तेव्हा तो मिनिटभर ऐकू आला नाही, आणि अप्पांनी मान वर करून टँकरकडं असं पाहिलं की जणू तो पाणी घेऊन नव्हे, काही चोरून चालला होता.

मग पुन्हा ऐकू यायला लागलं. अप्पांनी मान खाली ठेवली. माझी गाडीची वेळ झाली होती. मी काही न बोलता वळलो, तेव्हा साहेबांनी दुसरी काडी ओढली होती, आणि त्यांच्या जबड्याबरोबर अप्पांचाही जबडा हलत होता.